रोज सकाळी पत्ता सांगणारे आण्णा

शिरोली एमआयडीसीत हट्टी माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण आमच्या आण्णांइतका हट्टी माणूस त्या अख्ख्या वसाहतीत दुसरा झाला नाही, हे मी कुणाशीही पैजेवर सांगेन. फाउंड्रीच्या भट्ट्यांचं तापमान सांभाळणारे कंट्रोलर बनवणारी आमची छोटी कंपनी. त्या कंट्रोलरच्या चिपमध्ये घालायचे प्रोग्रॅम आण्णा लिहायचे, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी. प्रोग्रॅम चिपला समजेल असा करून देणारा कंपायलर कुठल्या फोल्डरात बसलाय, हे संगणकाला आधी सांगावं लागतं. शहाणी माणसं ते सेटिंगमध्ये एकदाच कायमचं लिहून ठेवतात आणि विसरून जातात. आण्णा मात्र रोज सकाळी संगणकाला हुकूम द्यायची ती काळी खिडकी उघडून पत्त्याच्या सातच्या सात ओळी हातानं टाइप करायचे. संध्याकाळी खिडकी बंद केली की सगळं पुसलं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. याला पंधरा मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात मालक जरी आले तरी त्यांनाही हातानंच थांबवायचं. मी नवी नवी असताना एकदा म्हणाले, "आण्णा, एकदाच सेव्ह करून टाका की." चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "यंत्राच्या ध्यानात ठिवलं की माणसाच्या ध्यानातनं जातंय, पोरी." कॉपी-पेस्टसुद्धा चालायचं नाही. चिकटवलेलं कधी सुटेल ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हा पत्त्याचा नाद नुसता संगणकापुरता असता तर सोसलं असतं. कुणी साधं "पक्कड कुठाय?" विचारलं तरी उत्तर यायचं, "दोन नंबर शेड, लोखंडी कपाट, खालचा खण, निळा डबा." पक्कड समोर टेबलावर असली तरी आधी पत्ता, मग बोट. चहावाला कित्येक वर्षं आमच्याकडं येत होता, त्यालाही फोनवर जिन्यापासून पत्ता सांगायचे. तो बिचारा शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. फोल्डरच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडणं हे त्यांच्या लेखी महापाप. "मधी जागा सोडलीस की यंत्राला वाटतंय पत्ता हितंच संपला," असं मला त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या किराण्याच्या यादीतले शब्दही एकमेकांना चिकटू लागले. मुरगूडला गावी घर बांधलं तेव्हा दारावरच्या पाटीवर त्यांनी 'आईचीकृपा' असं सलग कोरून घेतलं. कोरणाऱ्यानं हात जोडले, पण आण्णा कुणाचं ऐकतायत होय?

मग गेल्या वर्षी एका सकाळी ते चौथ्या ओळीवर थांबले. बोटं कीबोर्डवर तशीच, नजर पडद्यावर. मला वाटलं चष्मा पुसायचा असेल. थोड्या वेळानं हसून म्हणाले, "थांब, ईल की." आलंही. पण पुढच्या आठवड्यात परत तेच, आणि मग रोजच. पंधरा मिनिटांचा तास झाला. त्यांच्या संगणकावर जुना आणि नवा असे दोन कंपायलर होते. एक दिवस त्यांनी जुन्याचाच पत्ता दिला, आणि तसा तयार झालेला प्रोग्रॅम नव्या कंट्रोलरमध्ये गेला. टेस्टिंगच्या टेबलावर माझ्या ध्यानात आलं म्हणून बरं, नाहीतर तो वितळलेल्या लोखंडाच्या भट्टीवर जाऊन बसला असता. मी मालकांना काही सांगितलं नाही. आण्णांच्या घरी काकूंना मात्र फोन केला. त्या रडत म्हणाल्या, "डॉक्टरनी सांगितलंय गं. विसरायचाच आजार हाय. पर त्यास्नी कामावर जाऊ दे, घरात बसलं तर लौकर जातील."

मी मला सुचलं ते केलं. आण्णा जेवायला गेले असताना त्यांच्या संगणकात अशी सोय केली, की त्यांनी काहीही टाइप करू दे, काम खऱ्याच पत्त्यावरून होईल. दुसऱ्या दिवसापासून आण्णा खूश. पहिल्या झटक्यात सगळं बरोबर! चहावाल्याशी मस्करी सुरू झाली, मला परत ओरडा बसू लागला. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. दहाबारा दिवस गेले असतील. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. पडद्यावर कंपायलरच्या जागी त्यांनी इंग्रजी अक्षरांत नुसतं 'मुरगूड' लिहिलं होतं, आणि खाली प्रोग्रॅम बिनचूक तयार झाला होता.

"काय गं, मुरगुडात कवा कंपायलर बसवलास?"

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत, तेच मला जड गेलं. म्हणाले, "माझं चुकलं तर मला चुकलेलं कळू दे की, पोरी. तेवढा तरी मान ठेव." मी सगळं काढून टाकलं. त्यानंतरचे तीन दिवस त्यांनी रोज त्या सात ओळींशी झुंज घेतली. कंपायलर सापडत नाही, असं पडद्यावर पुन्हा पुन्हा येत राहिलं आणि ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेजारी बसून मला एक ओळ लिहवली नाही.

चौथ्या दिवशी म्हणाले, "खुर्ची वड हिकडं. तू सांग, मी लिवतो." त्यांनी काळी खिडकी उघडलीच नाही. जन्मात कधी न उघडलेलं सेटिंगचं पान उघडलं. मी एकेक ओळ सांगितली, त्यांनी एकेक अक्षर स्वतःच्या बोटानं टाइप केलं, दोनदा वाचलं आणि सेव्ह केलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कायमचं केलं बघ. आता मी न्हाय आलो तरी चालतंय."

मी "बरं" म्हणाले. ते उठले, मालकांच्या केबिनमध्ये गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

आता आमचं काम पंधरा मिनिटं लवकर सुरू होतं. त्या पंधरा मिनिटांत मी नुसती बसते आणि मनातल्या मनात आण्णांना सांगते, की तुम्ही नाही आलात तर चालत नाही. त्या दिवशी एवढं म्हणायला काय झालं होतं मला?