बँडमास्तरचा इसार

"वकीलबाई, सही करू का नको, लवकर सांगा. मानूस घरी बसून हाय."

कादर मास्तर माझ्या मंगरूळपीरच्या ऑफिसात घाम पुसत उभे होते. घरी बसलेला माणूस म्हणजे बँकेच्या क्रेडिट कार्डाचा रिकव्हरी एजंट. मास्तर आमच्या भागातले बँडवाले. माझ्या लग्नात क्लॅरनेट त्यांनीच वाजवलं होतं. नवरदेवाचा घोडा चौकात अडून बसला, तर मास्तरांनी त्याच्यापुढे उभं राहून अख्खं गाणं वाजवलं आणि घोडा निमूट चालू लागला. ते सूर मला अजून ऐकू येतात.

मग गावोगाव डीजे आला. मास्तरांनीही कार्डावर कीबोर्ड आणि स्पीकर घेतले, पण लग्नाच्या सुपाऱ्या आटल्या त्या आटल्याच. कार्डाचे पैसे थकले. आता एजंट म्हणत होता, वाद्यं उचलून नेतो. दुसऱ्या दिवशी आसेगावला लग्न होतं. वाद्यं गेली की बँड संपला.

मी स्टेटमेंट पाहिलं. शेवटचा पैसा भरून तीन वर्षं उलटून गेली होती. अशा उधारीचा दावा लावायला कायदा तीन वर्षांची मुदत देतो. ती सरली की कोर्टात वसुली मागता येत नाही. पण एक फट असते. मुदत सरलेलं देणं 'मी देईन' असं लिहून सही केली, की त्याच कागदावर नवा दावा उभा राहतो.

"किती मागते तो?"

"हजार. आन कागदावर सही. मी म्हनलं, इसार देऊन टाकू. मंग हंगामभर येनार नाई."

इथंच मास्तर चुकत होते. बँडच्या धंद्यात इसार घेतला की तारीख बांधली जाते. मग आमदार आला तरी ती तारीख दुसऱ्याला मिळत नाही. बँकही तशीच शब्दाला बांधली जाईल, असं त्यांना वाटलं.

"मास्तर, या इसारानं बँक नाही, तुमी बांधले जाता!" म्हणत मी स्कूटी काढली.

एजंट खाटेवर चहा पीत होता. मी त्याचा कागद वाचला. 'राहिलेली रक्कम हप्त्याने देईन' हे वाक्य मधोमध होतंच.

"ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, मॅडम."

"मग सहीशिवाय चालेल. वाद्यं कोणाच्या हुकमानं नेता? कोर्टाची डिक्री आहे?"

"सरांशी बोलावं लागेल."

"बोला. आणि विचारा, सर तीन वर्षं काय करत होते?"

चहा अर्धा टाकून तो निघून गेला. मी खूश झाले, पण मास्तरांनी विचारलं,

"बाई, मुदत सरली म्हंजे देनं सरलं काय?"

"नाही. देणं राहतं. कोर्टात मागता येत नाही, एवढंच."

"मंग देईन. पन माह्या हिशोबानं. तुमची फी बी बाकी राह्यली."

मला रागच आला. फासातून मान सोडवावी, तर हे पुन्हा मान पुढे करायला तयार! पण दोन हंगामांनी त्यांनी बँकेशी तडजोड केली, आणि 'एवढं भरलं की बाकी काही नाही' असं बँकेचं पत्र आधी माझ्याकडून वाचून घेऊन मगच रक्कम एकदम भरली. माझ्या फीचं मी विसरून गेले.

गेल्या साली माझ्या मुलीचं लग्न झालं. डीजे ठरला होता. सकाळी दारात क्लॅरनेट वाजलं. विटक्या लाल कोटातले चार म्हातारे, आणि पुढे मास्तर.

"हे काय, मास्तर?"

"तुमची फी. मुदत सरली काय तिची?"

"कधीच सरली."

"सरू द्या. आता कोनाच्या भेवानं नाई, मनानं देतो."

आणि त्यांनी तेच घोड्याचं गाणं धरलं. दम पुरत नव्हता, दोनदा सूर तुटला. मी दारात उभी राहून पाहुण्यांदेखत रडले.

मुदत सरलेल्या देण्याच्या कागदावर विचारल्याशिवाय सही करू नका, हा माझा सल्ला आजही कायम आहे. वाजवायला हरकत नाही.