सोऱ्याचा पंचनामा

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम चकल्यांचं. पोलीस खात्यातल्या घटना आता विसरायला लागलोय, कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला याची गल्लत होते. ही घटना मात्र विसरायची म्हटलं तरी विसरत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दिवाळीच्या आधी, मुलाच्या अमेरिकेतल्या घरात. हिचं मनगट दुखायचं. म्हणून पितळी सोऱ्याचा दांडा मी फिरवायचा आणि खालचा कागद तिने फिरवायचा, अशी वाटणी. "हळू फिरवा," म्हणाली, "आरोपीचा हात पिरगाळताय का?" चार दिवसांनी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नावं कुणाचीच लिहीत नाही, ती सवय खात्यातलीच.

इथल्या गावात नाताळच्या आधी एक प्रकार असतो. पाच-सहा घरं सजवायची, लोकांनी तिकीट काढून ती आतून बघायची, पैसा गावच्या लायब्ररीला. आमचं घर द्यायला हिनेच होकार दिला होता. ती गेल्यावर मुलगा म्हणाला, कॅन्सल करू. मी म्हणालो, तिने शब्द दिलाय, घर उघडायचं. मग समितीच्या एका बाईंनी गोड बोलून सुचवलं, की हार घातलेला फोटो ख्रिसमस ट्रीजवळ बरा दिसत नाही, त्या दिवसापुरता वरच्या मजल्यावर न्यावा. आणि मीही वरच बसावं. फोटो हलला नाही. मीही त्याच्याखाली खुर्ची टाकून दिवसभर बसलो. लोक यायचे, ट्री बघायचे, फोटो बघायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. मीही हलवायचो.

येणाऱ्या प्रत्येकाला दारातच बुटांवर चढवायला निळी प्लॅस्टिकची कव्हरं दिली होती. उभा जन्म पावलांचे ठसे शोधण्यात गेला, आणि इथे घरातल्यांनीच ठसे न उमटण्याची सोय करून ठेवलेली.

ओट्यावर सुनेने सासूची भांडी मांडली होती. मधोमध सोऱ्या, दांड्याला हिने गुंडाळलेल्या सुती दोऱ्यासकट. संध्याकाळी दार लावलं तेव्हा तो जागेवर नव्हता.

मुलगा म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना. नवीन ऑर्डर करतो."

"नवीन मिळेल," मी म्हणालो. "तो दोरा मिळेल का?"

कॅलेंडरच्या पानामागे मी रीतसर पंचनामा लिहिला. जागा, वेळ, कोणत्या खोलीत कोण स्वयंसेवक उभा होता, कोणतं दार उघडं होतं. पंच म्हणून सुनेने सही केली. मुलाने केली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी खबर मिळाली. शेजारचा म्हातारा कुत्रं फिरवतो. त्याने सुनेला सांगितलं, की स्वयंपाकघरात उभी होती ती लायब्ररीतली बाई मागच्या दाराने निघून गाडीकडे गेली, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मुलगा म्हणाला, सत्तर वर्षांची आहे ती, आणि इथे असं कुणालाही क्वेश्चन करत नाहीत. सत्तरीचे चोर मी पकडलेत, म्हणालो.

पण एक गोष्ट टोचत होती. सोऱ्याच्या चकत्या, चकलीची, शेवेची, वेगळ्या डब्यात असायच्या, वरच्या कपाटात डाळींच्या मागे. तो डबाही गेला होता. पितळ चोरणारा माणूस चकत्या शोधत बसत नाही. म्हणजे नेणाऱ्याला सोऱ्या वापरायचा होता, आणि जागा घरातल्याच माणसाने दाखवली होती. सुनेलासुद्धा ती जागा धड ठाऊक नव्हती. घरातली माणसं चार. त्यातल्या जिवंत तिघांची चौकशी झाली होती.

दुपारी ती बाई आपणहून आली, अंगणातला टूरचा बोर्ड काढून न्यायला. मी तिला आत बोलावलं. मुलगा उठून दुसऱ्या खोलीत गेला, सून दुभाषी म्हणून बसली. चौकशीची माझी पद्धत एकच. चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. दोषी माणसाला शांतता सोसत नाही, तो मध्येच हवापाण्याचं बोलायला लागतो. बाईंनी चहा शांतपणे संपवला. कप उपडा करून तळाचा छापसुद्धा बघितला. तेव्हाच समजलो, बाई चोर नाही.

मग तिने विचारलं, "तुम्हाला तिने सांगितलं नाही?"

पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. या लायब्ररीत पुस्तकांसारखीच केकची भांडी, ड्रिल मशीन, शिलाई मशीनसुद्धा कार्डावर घरी नेता येतात. आमची ही दर बुधवारी तिथे विणकामाला जायची, तिने ते बघितलं असणार. सोऱ्या देऊन टाकल्याचा तो फॉर्म होता, दिवाळीच्या आधीचा. खाली हिची मराठीत सही, र ची शेपटी लांब ओढलेली. शेऱ्यात बाईंनी हिचं म्हणणं लिहून घेतलं होतं: दिवाळी झाल्यावर, लोकांनी एकदा घरात बघितल्यावर न्यावा. चकत्यांचा डबा वरच्या कपाटात, डाळींच्या मागे. मागच्या दाराने न्यावा. माझ्या नवऱ्याला कळलं तर तो दारात आडवा पडेल.

सून वाचता वाचता हसली आणि मग तिला पुढचं वाचवेना. बाई म्हणाल्या, आत्ता परत आणून देते. मुलगा दारात येऊन उभा होता, म्हणाला, "घ्या ना बाबा."

मी कागद पुन्हा हातात घेतला. मयत माणसाच्या जबाबात मी नोकरीत कुणाला काना-मात्रा बदलू दिली नाही. वरून दबाव आला तरी नाही. आता स्वतःच्या सोयीसाठी बदलू?

"सही तिची आहे," मी म्हणालो. "सोऱ्या लायब्ररीचा."

राग आला तो हिचा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो, अजून आहे. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. ते तिला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. नोकरीभर मी तपासाची सुरुवात घरच्यांपासून करायचो. स्वतःच्या घरात मात्र तिला कधी मोजलंच नाही. मी म्हणेन ते ती मनातून मानते, असं धरून चाललो. या प्रकरणाने शिकवलं ते एवढंच. आणि लोक सांगतात तसं सोडून द्यायला काही शिकवलं नाही. कायद्यात बसतंय तोवर मी धरून ठेवणार.

लायब्ररी दहाला उघडते, दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेनऊला बर्फात दाराशी उभा. सुनेने पत्त्याचा पुरावा आणि चिठ्ठी लिहून दिली होती. कार्डावर मीही मराठीतच सही केली. त्याच बाईंनी मागच्या खोलीतून सोऱ्या आणला, त्यावर नंबर चिकटवलेला, दोरा तसाच. बोटं दाखवून म्हणाल्या, तीन आठवडे. दुसऱ्या कुणी मागितला नाही तर मुदत वाढते, हे सुनेने आधीच सांगितलं होतं.

"कोण मागतो बघतोच," मी मराठीत म्हणालो आणि पायी घरी आलो.

तिने दळून आणलेली भाजणी उरली होती, ती भिजवली. दांडाही मीच फिरवला, कागदही मीच. चकल्या तुटल्या. तुटलेल्याच तळल्या.