जांबावरची खार

“मला डोळे हायेत. मी बघितलंय.”

सारजाबाईचं भांडण या वाक्यापासून सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा इथंच संपायचं, कारण यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. भाजीवाल्यानं वजनात हात मारला, की हेच. आप्पासाहेबांनी चहात गुपचूप दुसरा चमचा साखर टाकली, तरी हेच. आप्पासाहेब म्हणजे तिचा नवरा, मोंढ्यात, धान्याच्या अडतीवर नोकरीला, स्वभावानं गरीब. ते म्हणायचे, “हिचे दोन डोळे पुढं आणि दोन मागं.”

या डोळ्यांचा तिला अभिमान होता आणि तो फुकटचा नव्हता. बिडकीनकडच्या एका गावात, लहानपणी, ज्वारी हुरड्यात आली की ती राखणीच्या माळ्यावर गोफण घेऊन उभी राहायची. चार वावरांपलीकडच्या कणसावर कोणतं पाखरू बसलंय ते ती नावानं सांगायची. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या साली तिचं लग्न झालं. पुढं शेत दिरांच्या हाती राहिलं आणि हे दोघं शहरात, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत राहायला आले. घर लहान, पण मागं परस होता. परसात जांबाचं झाड होतं. शहरातली माणसं त्याला पेरू म्हणतात. सारजाबाईनं गावाकडून येताना सुंभाची एक बाज आणली आणि आपली नजर आणली. बाकी सगळं शहरात मिळत होतं.

त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली होती. गेल्या दोन वर्षांत मात्र सुई ओवायची झाली, की ती परसाच्या भिंतीशी जाऊन शेजारच्या भानुमतीला हाक मारायची.

“वैनी, एवढा दोरा घाला बरं. हल्ली सुयाच वाईट यायल्यात. नाकं बुजलेली.”

भानुमती कचेरीतल्या कारकुनाची बायको. बारीक चणीची, बोलणं मोजकं, नाकावर काळ्या काड्यांचा चाळिशीचा चष्मा. ती दोरा ओवून द्यायची. सुया चांगल्या आहेत हे तिनं एकदाही म्हटलं नाही.

जांबावर एक खार होती. सकाळी भाकरी थापायच्या वेळेला ती भिंतीवरून यायची आणि पायरीवर शेपूट उडवत बसायची. सारजाबाई तिला शिव्या घालायची. “आली भवानी! बापाचं ठेवलंय का तुझ्या इथं?” असं म्हणत म्हणत चार शेंगदाणे पायरीवर टाकायची. तिनं खार पाळलीय असं कुणी म्हटलेलं तिला खपत नव्हतं. एक दिवस खार उशिरा आली तर तिची भाकरी करपली, तेही कुणी म्हटलेलं तिला खपलं नसतं.

त्या साली चैत्रात सारजाबाईनं बाजेवर सांडगे घातले. बाजेच्या चार कोपऱ्यांना चार काड्या उभ्या केल्या आणि त्यांना काळा दोरा आडवा-उभा गुंफला. कावळा काळ्या दोऱ्याला भितो. तिच्या आईनं असंच केलं, आजीनं असंच केलं. दोऱ्याला तिची गाठ ठरलेली होती. गोफणीला मारायची तसली दुहेरी, ओढलं की आवळत जाणारी.

दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यावरचा दोरा तुटलेला दिसला. “कावळ्याचा मुडदा बशिवला,” म्हणत तिनं नवा दोरा बांधला. तीन दिवस खार आली नाही. चौथ्या दिवशी आली ती भिंतीवरून खाली पडली. मागचा डावा पाय फरपटत होता, सुजून बोराएवढा झाला होता आणि केस रक्तानं चिकटले होते.

सारजाबाईनं पदर टाकून तिला धरलं. खारीनं बोट चावलं, तरी सोडलं नाही. दुरडीखाली ठेवलं आणि मग ती परसात उभी राहून चौफेर बघू लागली. भिंतीपलीकडं, भानुमतीच्या मोरीच्या तोंडाशी, उंदराचा लोखंडी चाप लावलेला होता. नवा कोरा, उन्हात चमकत होता.

“वैनी!” अशी हाक गेली की गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

भानुमती हात पुसत आली. “काय झालं, सारजाबाई?”

“काय झालं इचारायल्या? मुक्या जीवाचा पाय तोडला तुमच्या चापानं!”

“कुणाचा पाय? अहो, चाप मिटलेलाच नाही. बघा, भजं तसंच आहे लावलेलं.”

“एक खाल्लं, दुसरं लावलं आसंल. मला शिकवू नका. मला डोळे हायेत. मी बघितलंय.”

“काय बघितलंत? खार सापडताना बघितलीत?”

सारजाबाई क्षणभर अडली, आणि अडली म्हणून जास्तच चिडली. “लेकीचं लग्न काढलंय घरात, अन् हत्या कराय बसल्या व्हय!”

भानुमती दोन पावलं मागं सरली. तिच्या उमाचं लग्न वैशाखात होतं. “लग्नाचं नाव घेऊ नका,” ती हळू म्हणाली आणि आत गेली.

सारजाबाईला वाटलं, गप्प बसली म्हणजे गुन्हा कबूल.

आता यातली खरी गोष्ट पुढं आहे. चौदा वर्षं या दोघी कुरडया मिळून करत आल्या होत्या. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, मग वाटून त्याचा चीक काढायचा आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी शिजवायचा. एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं लाकडी दांड्यानं हाटत राहायचं. हात थांबला की गुठळ्या होतात, जाळ चुकला की बुडाला लागतो. एकट्या बाईचं ते काम नाही, आणि पुढं ढकलायचंही नाही. एक दिवस ठेवला तर चीक नासतो. भानुमतीनं उमाच्या रुखवतासाठी दोन पायली गहू भिजवले होते. भांडण झालं तेव्हा गव्हाचा तिसरा दिवस होता.

चीक शिजवायच्या सकाळी आप्पासाहेब दारात घुटमळले. “अगं, त्यांचा चीक आज हाय ना?”

“आसंल.”

“जायचं नाय?”

“तुम्ही जावा. दांडा धरता येतो का बघा.”

ती दुरडीशी बसून राहिली. खारीला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, पायावर हळद आणि तेलाचा लेप चढवला. भिंतीपलीकडून आधी दांड्याचा आवाज आला. मग “उमा, जाळ काढ! जाळ काढ!” अशी हाक आली. मग करपलेल्या चिकाचा वास आला. तो सगळ्या गल्लीत पसरला. सारजाबाई उठली नाही. लेपावर लेप चढवत राहिली.

खारीचा पाय उतरेना. आप्पासाहेब म्हणाले, “जनावराच्या दवाखान्यात नेऊ.” ती त्यांच्यावर खेकसली, “तिथं म्हशी बघत्यात! माझ्या हळदीनं बैलांचे खांदे बरे झालेत.” सकाळ-संध्याकाळ लेप. पायाचा पंजा काळा पडू लागला, दुरडीला वास यायला लागला. खार रात्रंदिवस बारीक आवाजात कण्हायची. त्या प्रत्येक आवाजाबरोबर सारजाबाई भिंतीकडं बघून एक शिवी घालायची. राग असला की तिला बरं वाटायचं. राग थांबला की त्या करपलेल्या वासाची आठवण यायची.

आठव्या दिवशी दुपारी परसाचं दार ढकलून भानुमती आत आली. हातात उमाची भरतकामाची छोटी कात्री होती.

“कशाला आल्या?”

“मला ते कण्हणं ऐकवत नाही. बाजूला व्हा.”

“हात लावू नका!”

“सारजाबाई, बाजूला व्हा म्हणते ना मी!” भानुमतीचा असला आवाज त्या परसानं कधी ऐकला नव्हता. सारजाबाई बाजूला झाली.

भानुमतीनं खारीला फडक्यात गुंडाळलं, कोमट पाण्यानं लेप धुतला. एकावर एक बसलेले पिवळे पापुद्रे निघाले. तिनं पाय जवळ धरून पाहिला आणि थांबली.

“हे काळं काय आहे?”

“रगत वाळलंय.”

भानुमतीनं नाकावरचा चष्मा काढला आणि सारजाबाईपुढं धरला. “घाला.”

“मला काय करायचाय? मला डोळे—”

“घाला म्हणते!”

सारजाबाईनं चष्मा घातला. आधी तिला स्वतःच्याच बोटावरच्या रेषा दिसल्या, खारीच्या दाताची खूण दिसली. रेषा किती दिवसांनी दिसल्या कोण जाणे. मग पाय दिसला. घोट्याच्या वर, सुजलेल्या मांसात रुतून, काळ्या दोऱ्याचे तीन वेढे होते. आणि वेढ्यावर गाठ होती. गोफणीला मारायची तसली, दुहेरी, ओढलं की आवळत जाणारी.

त्या गाठीला दुसरी मालकीण सगळ्या शहरात नव्हती.

भानुमतीनं चष्मा परत घेतला, कात्रीच्या टोकानं एकेक वेढा कापला. खार एकदाच ओरडली. दोऱ्याचा तुकडा भानुमतीनं सारजाबाईच्या तळहातावर ठेवला.

“दिसलं आता?”

सारजाबाईनं तुकडा मुठीत धरला. भानुमती कात्री पुसून निघून गेली. दार तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आप्पासाहेब घरी आले तेव्हा बाजेवरच्या काड्या मोडून पडल्या होत्या, काळ्या दोऱ्याचं रीळ चुलीत जळत होतं आणि सारजाबाई नव्या सांडग्यांवर बसलेल्या कावळ्याकडं नुसती बघत होती.

“अगं, खातोय ना तो!”

“खाऊ द्या. आवो, आठ दिस मी वरून हळद लावत होते अन् खालून माझाच दोरा तिला कापत होता. माझा दोरा! थुत् माझ्या नजरेवर!” आप्पासाहेब काही समजुतीचं बोलायला गेले, तर तिनं त्यांनाच धारेवर धरलं. “अन् तुम्ही? तुम्हाला चष्मा हाय ना? तुम्ही का नाय बघितलं?”

“तू बघू दिलं का कधी?” आप्पासाहेब म्हणाले. एवढं उलट ते पस्तीस वर्षांत बोलले नव्हते.

खारीचा पंजा वाळून गळून गेला. जखम भरली. तिसऱ्या आठवड्यात सारजाबाईनं दुरडी उचलली आणि खार थुट्या पायानं, अडखळत, पण जांबावर गेली.

उमाच्या लग्नाला पाच दिवस राहिले होते. सारजाबाईनं माळ्यावरून डबा काढला. त्यात गेल्या साली दोघींनी मिळून केलेल्या कुरडया होत्या, पांढऱ्याशुभ्र, एकही तुटलेली नाही. तिनं नवं लुगडं नेसलं, डबा काखेला लावला आणि पहिल्यांदाच परसातून न जाता रस्त्यावरून, पुढच्या दारानं गेली.

भानुमती दारात आली. “काय आहे हे?”

“कुरडया. रुखवतात मांडा.”

“मला नकोत.”

“चांगल्या हायेत वैनी. तुमच्याच हातच्या अर्ध्या.”

“मला तुमच्या कुरडया नकोत, सारजाबाई. मला ती सकाळ हवी होती. दोन पायली गहू उकिरड्यावर टाकले मी. उमा रडत होती. आणि तुम्ही भिंतीपलीकडं बसून होतात. खारीचं जाऊ द्या, ते तुम्हाला दिसलं नाही. पण माझा आवाज तर ऐकू येत होता?”

“व्हय,” सारजाबाई म्हणाली. “येत होता.”

सारजाबाईनं डबा पायरीवर ठेवला.

“पाय तुमच्या चापानं गेला नव्हता,” ती मोठ्यानं म्हणाली. उघड्या खिडक्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “दोरा माझा होता. कुणी इचारलं तर सांगा, सारजानं सांगितलंय.”

“आणि आता कुठं निघालात?”

“गुलमंडीला. चष्मा करायला.”

ती वळली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताठ मानेनं गल्लीच्या मधोमध चालू लागली, कुणाकडं न बघता. डबा पायरीवरच होता. भानुमतीनं तो आत घेतला नाही आणि दारही लावलं नाही. ती चौकटीला धरून, नवं लुगडं वळणावर दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. भिंतीच्या टोकावर खार तीन पायांवर बसली होती. शेपूट उडवत तीही तिकडंच बघत होती.