सेल काढलेला रोबो बोलला

भुताखेतांच्या गोष्टी मी वर्गात कधी सांगू दिल्या नाहीत. विज्ञान शिकवणारी बाई मी... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तळेघरच्या पुढे एका वाडीत माझी शाळा — एकच खोली, वर पत्रे, पहिली ते चौथीची बावीस पोरं. पुण्याच्या एका कॉलेजातले सर प्रयोगासाठी रोबो घेऊन आले. गुडघ्याएवढा, पांढरा. डोक्यावर हात ठेवला की अंक म्हणायचा, मग "शाब्बास, पुन्हा म्हण." सगळं एका बाईच्या आवाजात आधीच भरलेलं. लहान मुलं त्याच्याकडून कशी शिकतात, ते सरांना बघायचं होतं.

पहिलीत सुमन होती. आई गेल्यापासून वर्षभर तिनं तोंड उघडलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती रोबोजवळ बसली आणि त्याच्यामागोमाग म्हणाली — "एक... दोन..." मी दारात उभी राहून रडले. पुढे ती त्याला घरच्या शेळीच्या गमती सांगायची. माझ्याशी मात्र अजून नाही.

महिन्यानं सर म्हणाले, "मॅडम, आमचं काम झालं. उद्या नेतो."

"अजून थोडे दिवस ठेवला तर..."

"पुढच्या शाळेला कळवलंय हो."

मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सेल काढून माझ्या हातात दिले, रोबो खोक्यात घातला. सुमन खोक्याला बिलगली. "नका नेऊ! त्यो माझ्याशी बोलतोय!"

तिचे हात सोडवले ते मीच.

तेवढ्यात खोक्यातून आवाज आला — "सुमे, रडू नगं."

तोच बाईचा आवाज. सगळ्या पोरांनी ऐकला. सेल माझ्या मुठीत! सरांनी खोकं उघडून रोबो उलटसुलट पाहिला. "आत थोडा करंट उरतो कधीकधी," म्हणाले. मग हळूच, "मॅडम... 'सुमे', 'नगं'... हे आम्ही भरलेलंच नाही."

त्यांनी खोकं सुतळीनं बांधलं. जीप निघून गेली.

सुमन त्यानंतर वर्गात एक शब्द बोलली नाही. दिवाळीनंतर यायचीच बंद झाली. सरांच्या अहवालाची प्रत मात्र आली — 'मुलांचा प्रतिसाद उत्साहवर्धक.' त्या आवाजाबद्दल एक ओळ नाही.

आठ-नऊ वर्षांनी घोडेगावच्या एसटी स्टँडवर एका मुलीनं हाक मारली. "बाई, वळखलं का? सुमन."

मी एकदम विचारलं, "तुला तो आवाज आठवतो का गं?"

"आठवतो की. त्यो बोलला व्हता, बाई." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी का नाय बोलल्या?"

तिची गाडी लागली, ती गेली. तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. आणि सुमनला त्या दिवशीही मी काहीच उत्तर दिलं नाही.