ओट्याला ग्रॅनाईट बसवलं

आमचं घर तांड्यात सगळ्यात जुनं, निजामाच्या काळातलं. आज्यानं बांधलं. आज्या तांड्याचा नाईक, मंग बाप, अन् मंग दुसरं कुणी गावलं न्हाई म्हणून मी. घराम्होरं मातीचा ओटा. बांधाचं भांडण असो का सोयरीक, तांडा तिथंच बसायचा. तंबाखू मळायची अन् बोटाला राहिलेला चुना सागवानी खांबाला पुसायचा. आज्याच्या टायमापासूनचा चुना त्या खांबावर थरानं बसला होता.

गेल्या साली घर दुरुस्तीला काढलं. भिंतीच्या भेगा बुजवल्या, बाजूनं दोन खोल्या वाढवल्या. इथपर्यंत बराबर होतं. मंग माझं डोकं चाललं, अन् ते चाललं की नुकसानच होतं. म्हणलं, तांडा आपल्या दारात येऊन मातीत बसतो, बरं दिसत न्हाई. कळमनुरीहून काळं ग्रॅनाईट आणलं. खांब घासून पालिश मारलं.

मिस्तरी म्हणला, "नाईक, पहा, तोंड दिसतंय."

वाकून पाह्यलं. दिसलं, पण होतं तसंच होतं.

पहिल्या बैठकीला लोकं चपला काढून उभेच. माझा चुलता तेवढा बसला अन् लगेच उठला. "काहून रे, आमाला भाजून काढतो का?"

उन्हानं दगडाचा तवा झाला होता. मी धावत जाऊन पाणी मारलं. तर बांधाचं भांडण घेऊन आलेला गडी घसरला, अन् ज्याच्यासंग भांडण त्यानंच त्याला धरलं. माझ्या ग्रॅनाईटनं मिटवलेलं भांडण तेवढं एकच.

चुलत्यानं तंबाखू मळली. चुन्याचं बोट खांबाकडं नेलं, चकाकी पाहून थांबला, अन् धोतराला पुसलं. मला कुणी शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

रागावलं कुणी न्हाई. पुढची बैठक हापशाजवळच्या लिंबाखाली भरली, अन् आता तिथंच भरते. मला बोलावतात, नाईक हाये ना. मी जातो, मातीत बसतो.

मिस्तरीला म्हणलं, ग्रॅनाईट काढ, मातीचा ओटा करून दे.

"करतो की. पण बसणारी माणसं कुठून आणू?"

परवा मी एकटाच ओट्यावर बसलो. तंबाखू मळली, अन् आजूबाजूला पाहून चुन्याचं बोट खांबाला पुसलं.

सकाळी बायको ओलं फडकं घेऊन खांब पुसून राहिली होती. "कोण मेला घाण करून गेला की," म्हणली.

मी म्हणलं, "आला असंल कुणी बसायला."