उन्हात ठेवलेले सेल

श्रीरामपुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून अजिनाथकाकांचं रेडिओ दुरुस्तीचं. आता रेडिओ घेऊन कोण येतं, असं विचारू नका. मी विचारायचे तेव्हा ते म्हणायचे, "तुझ्याकडं सातबाऱ्याला जेवढी गर्दी, तेवढी न्हाई. पन येतात." येतात ते मिक्सर घेऊन, टेबलफॅन घेऊन, भजनी मंडळाचा बसलेला ॲम्प्लिफायर घेऊन. काका सगळं घेतात आणि सगळ्यांवर खेकसतात. वय पंचाहत्तर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि तोंड असं की गिऱ्हाइकाने पुन्हा येऊच नये. तरी गिऱ्हाईक येतं, कारण हात सोन्याचा आहे.

दुकानाबाहेर त्यांनी स्वतः रंगवलेली एक पाटी आहे. 'सेल उन्हात ठेवू नयेत. ठेवत असाल तर इथे येऊ नये.' आमच्याकडे उतरलेला सेल लगेच फेकायची पद्धत नाही. पत्र्यावर दोन दिवस उन्हात ठेवायचा, की तो पुन्हा थोडा जोर धरतो, म्हणजे आपलं घड्याळ किंवा बॅटरी अजून चार दिवस निघते. माझी आई करायची, तुमचीही करत असेल. पण काकांसमोर कुणी तसं नुसतं बोललं तरी त्यांचं डोकं फिरायचं. एकदा एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी एवढ्यावरून रडवलं होतं. म्हातारपणी प्रत्येकाला एक खूळ लागतं, काकांचं हे, असं मी धरून चालले होते.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याची एक मुलगी माझ्या दुकानात आली. नाव निकिता, पाठीला सॅक, हातात एक जुना फोटो. म्हणाली, "ताई, नेवासा रोडला ट्रकचं गॅरेज होतं ना? १९६९ साली?"

"१९६९ साली मीच नव्हते," मी म्हटलं. पण फोटोत चार पोरं होती, तंग पँटी, कपाळावर केस, आणि त्यांतला मधला चेहरा मी ओळखला. ते शमुवेलकाका साळवे होते. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, रोज संध्याकाळी अजिनाथकाकांच्या दुकानात स्टुलावर बसून चहा पिणारे. चार वर्षांपूर्वी ते गेले.

निकिताने सांगितलं ते ऐकून मी कागद मशीनमध्ये तसाच अडकू दिला. साठच्या दशकात जगभरात पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये गिटारी बडवल्या, आवाज वेडेवाकडे ताणून नशेतल्यासारखं संगीत केलं. त्या प्रकाराला गॅरेज रॉक म्हणतात आणि त्याचे भक्त आजही आहेत. आमच्या या चौघांनी 'द रेड सिग्नल्स' नावाचा बँड काढला होता. ते तर खऱ्याखुऱ्या गॅरेजात वाजवायचे, पलीकडे ट्रकचे पाटे ठोकणं चालू असताना. मिशनच्या दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरकडे टेपचं मशीन होतं. त्यावर चार गाणी भरली गेली आणि डॉक्टर मायदेशी जाताना टेप सोबत घेऊन गेला. पन्नास वर्षांनी त्याच्या मुलीला ती माळ्यावर सापडली, तिने इंटरनेटवर टाकली, एका छोट्या कंपनीने तिची तबकडी काढली, आणि आता फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत माणसं त्या चार गाण्यांवरून एकमेकांशी भांडत होती. गाणी इंग्रजीत आहेत, पण ते इंग्रजी इंग्रजांनाही कळू नये असं.

"रेकॉर्डिंग कुणी केलं, तेवढंच कुणाला माहीत नाही," निकिता म्हणाली.

शेजारच्या दुकानातून आवाज आला, "म्या."

पोरगी धावत गेली आणि काकांच्या पाया पडली. काकांनी पाय असे मागे घेतले, जणू कुणी निखारा ठेवला.

निकिताने मला त्या भक्तांच्या ग्रुपमध्ये घातलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईल घेऊन काकांकडे बसायचे आणि सगळं मराठीत सांगायचे. मला तर करमणूकच झाली. भक्तांचा सगळ्यात मोठा वाद गाणाऱ्याच्या, म्हणजे शमुवेलकाकांच्या, आवाजावर होता. पहिल्या गाण्यात तो साधा तरुण पुरुषाचा वाटतो, दुसऱ्यात थोडा वर जातो, आणि चौथ्यापर्यंत इतका चिरका, पातळ होतो की माणूस जमीन सोडून निघालाय असं वाटतं. एकाचं म्हणणं, गायक भांग पीत पीत गात होता. एक म्हणे, ही भारतातली जुनी साधना आहे, श्वास हळूहळू टाळूत चढवायची. एका बाईने लिहिलं होतं की नवरा वारल्यावर ती वर्षभर फक्त चौथं गाणं ऐकत होती. प्रत्येक गाण्याआधी पेटीचा एक सूर वाजतो, त्यावरही कुणीतरी दोन पानं लिहिली होती.

"पेटी चर्चमधली," काका म्हणाले. "गिटारीच्या तारा उतरायच्या. म्हनून दर गान्याला पेटीची काळी एक दाबून जुळवायच्या. साधना न् बिधना."

मी खो खो हसले. ते हसले नाहीत. मी पुढचं वाचू लागले की ते मध्येच विचारायचे, "शमूबद्दल काय म्हनत्यात?" चांगलंच म्हणतात, मी सांगायचे. जगात असा आवाज दुसरा नाही म्हणतात. मग ते सोल्डरिंग गन उचलायचे आणि माझ्याकडे पाठ करायचे.

निकिता जाताना मार्थाबाईंना, म्हणजे शमुवेलकाकांच्या बायकोला, एक तबकडी देऊन गेली होती. मार्थाबाईंकडे ती वाजवायला काही नव्हतं. डिसेंबरातल्या एका सकाळी त्या तबकडी पिशवीत घालून काकांच्या दुकानात आल्या.

"भाऊ, लावा ही. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, कधी गुनगुनले पन न्हाईत. चर्चमध्ये सगळे गायचे, हे खंजिरी वाजवायचे आन् तोंड मिटून बसायचे. मला ऐकायचंय, कसे गायचे."

काका आधी तबकडीला हातच लावेनात. पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी दुरुस्तीला आलेल्या एका रेकॉर्ड प्लेअरवर तबकडी लावली. मार्थाबाई स्टुलावर, शमुवेलकाका बसायचे त्याच, हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. चौथं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्या उठल्या.

"हे आमचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "पयल्या गान्याला वाटलं हुतं, असतील. पन कुना बाईचा नायतर लेकराचा आवाज हाय हा. त्या पोरीची चूक झाली." तबकडी पिशवीत घालून त्या रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा. मला वाईट वाटलं ते त्यांच्या चालण्याचं. ज्या पायांनी आल्या होत्या ते हे पाय नव्हते.

काका शटर अर्धं ओढून आत बसून राहिले. संध्याकाळी मला हाक मारली.

"स्नेहल, तुझ्या मोबाईलवरची ती गानी मला कॅसेटवर भरून घ्यायचीत. रविवारी उपासना झाल्यावर चर्चमध्ये यायचं. मार्थाबाईला सांगून ठिव. पाळकसायबाला मी सांगतो."

चर्चची ती पेटी अजून आहे. दर नाताळाआधी काकाच ती उघडून साफ करतात, ख्रिस्ती नसून. रविवारी लोक पांगल्यावर काकांनी पेटीशेजारी आपला कॅसेट प्लेअर ठेवला. त्याचं मागचं झाकण काढलेलं होतं. मोटरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की टेपचा वेग कमी-जास्त होतो. मार्थाबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, मी त्यांच्याजवळ. त्या मला सारख्या विचारत होत्या की हे काय चाललंय, आणि मलाही ठाऊक नव्हतं.

काकांनी चौथं गाणं लावलं. सुरुवातीचा पेटीचा सूर वाजला. त्यांनी समोरच्या पेटीची काळी एक दाबली. दोन्ही सूर एकाच पेटीचे, एकाच पट्टीचे, आणि तरी टेपवरचा कितीतरी वर होता. काकांनी टेप मागे नेली, स्क्रू जरासा फिरवला, पुन्हा लावलं. असं सात-आठ वेळा केलं. मग दोन्ही सूर असे मिसळले की वेगळे ओळखू येईनात.

"आता ऐका," ते म्हणाले. आणि स्क्रूड्रायव्हर तसाच धरून उभे राहिले. गाणं पुढे सरकेल तसा त्यांचा हात केसभर फिरत होता.

तो आवाज जाड होता. थोडा घोगरा, शेवटच्या शब्दावर रेंगाळणारा. मी शमुवेलकाकांना शंभर वेळा "ताई, चहा सांगू का?" म्हणताना ऐकलं होतं आणि हे त्यांचंच होतं, फक्त वीस वर्षांचं. मार्थाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच आमचे."

गाणं संपलं. मग मार्थाबाईंनी जे विचारलं, ते कुणीही विचारलं असतं.

"एवढं गोड गायचे, मग सोडलं का?"

काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला नाही. त्याच्याकडेच बघत बोलले.

"माझ्यामुळं. गॅरेजात लाइट नव्हती, मशीन सेलवर चालायचं. डॉक्टरनं मला नवे सेल आनायला नगरला धाडलं. आनले. पन रेकॉर्डिंगला आठवडा हुता, आन् रेडिओ सिलोनवर गानी लागायची. माझ्या रेडिओत घातले. उतरले. मग पत्र्यावर उन्हात ठिवले आन् त्या दिवशी नवे म्हनून मशीनमंदी भरले. पयलं गानं बरं गेलं. पुढं सेल बसत गेले, मशीन हळू हळू पडत गेलं. हळू भरलेलं पुन्यांदा पुऱ्या वेगात वाजवलं की आवाज चिरका व्हतो. मी रेडिओचं काम शिकत हुतो. मला समदं ठावं हुतं."

"आन् ह्यांना?"

"न्हाई. दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या बंगल्यात लाइटीवर लावलं. कुनी आपला आवाज कदी ऐकलेला नव्हता. समदे हसले. मीबी हसलो. शमू न्हाई हसला. बाहेर आल्यावर मला म्हनला, अज्या, माझा आवाज असा हाय व्हय रं?"

"तुमी काय म्हनलात?"

"म्हनलो, मशीन खोटं बोलत न्हाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला त्यांचा मनापासून राग आला. पन्नास वर्षं! पाटी रंगवायची, गावभर खेकसायचं, पण ज्याला सांगायचं तो रोज दोन हातांवर बसून चहा पितोय, त्याला सांगायचं नाही. सुरुवातीला भीतीपोटी गप्प बसले असतील, पोरगेले होते. पण नंतर? नंतर उशीर झाला म्हणून गप्प, आणि मग आणखी उशीर झाला म्हणून आणखी गप्प. मला हे कळत होतं, आणि कळत होतं म्हणून राग जात नव्हता.

मार्थाबाई काकांकडे वळल्या.

"रोज तुमच्या दुकानात बसायचे," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"दुखन्यात पन तुमीच दवाखान्यात डबा आनायचे."

"व्हय."

"तवा पन न्हाई सांगितलं."

मार्थाबाईंनी डोळे पुसले, पदर सावरला, बाकावर नीट बसल्या.

"लावा परत. पयल्या गान्यापासनं."

मला वाटलं, या वयात काकांना किती वेळ उभं ठेवायचं. मी मोबाईल काढला. "मार्थाबाई, मी हे असंच भरून घेते. मग तुम्हाला घरी कधीही ऐकता येईल, काकांना स्क्रू धरून उभं राहायला नको."

"नको," त्या म्हणाल्या. "भाऊ धरतील."

निकिताला मी सेलची सगळी हकीकत कळवली. तिने ग्रुपवर टाकली. अर्ध्यांनी विश्वास ठेवला नाही, काहींनी लिहिलं की खरं असलं तरी आम्हाला आमचीच टेप बरी. नवरा वारलेली ती बाई मात्र म्हणाली, खरा आवाज ऐकायला मिळेल का? मी मार्थाबाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

आता दर रविवारी उपासना आटोपली की काका कॅसेट प्लेअर काखेत मारून चर्चला जातात. मी कधी कधी जाते. चार गाणी होईपर्यंत ते मोटरशी वाकून उभे असतात. हात आता थरथरतो त्यांचा, आणि हात हलला की शमुवेलकाकांचा आवाजही हलतो. तेव्हा मार्थाबाई डोळे न उघडता म्हणतात, "नीट धरा, भाऊ."