माहेरची मखमल

माझ्या आईच्या परकराने आजवर दोनदा जग वाचवलं आहे. घरात या गोष्टीचा अभिमान कुणालाच नाही.

पहिल्यांदा वाचवलं तेव्हा मी चौथीत होते. सांडोरला आमच्या केळीच्या बागेत ‘कॅप्टन झंझावात’ या मालिकेचं शूटिंग आलं होतं. (कथेत ते आफ्रिकेचं जंगल होतं. आमचा पाण्याचा पंप चालू होता, तो सिंहाची गुरगुर म्हणून खपून गेला.) कॅप्टन म्हणजे चंदेरी चड्डीतला, पोट सुटलेला एक सज्जन गृहस्थ. तो शिडीवरून ‘उडाला’ आणि त्याचा जांभळा झगा पंपघराच्या खिळ्याला अडकून टर्रकन फाटला. कपडेवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. दोरीवर आईचा जांभळा परकर वाळत होता. “मावशी, दोन मिनिटांत देतो,” म्हणत त्याने तो ओढला, उसवून पसरट केला आणि नाडा कॅप्टनच्या गळ्यात बांधला. घाईत उलटा बांधला! त्यामुळे आईने आतून शिवलेला चोरखिसा कॅप्टनच्या पाठीवर आला. त्यात आमच्या कपाटाची किल्ली होती, धुताना काढायची राहिलेली.

ती दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत. मंडळी परकरासकट निघून गेली. पुढच्या भागापासून कॅप्टन पाठीवरच्या खिशातून एक ‘विश्वकिल्ली’ काढून जगातलं वाट्टेल ते कुलूप उघडू लागला. आमचं कपाट मात्र बाबांना पहारेने उघडावं लागलं.

आता माझी अक्कल बघा. मला बघायला साताऱ्याची मंडळी आली, तेव्हा मुलगा या मालिकेचा भक्त निघाला. मी उत्साहाने सांगून टाकलं की कॅप्टनचा झगा आमच्याच घरचा. “कसलं कापड होतं?” भावी सासूबाईंनी विचारलं. समोर कांदेपोहे, स्थळ चांगलं, तिथे परकर कसा म्हणणार? मी म्हणाले, “मखमल.” झालं. लग्नानंतर सासूबाईंनी अख्ख्या भावकीत ती मखमल नेऊन पोहोचवली. आम्ही आचोळ्याला फ्लॅट घेतला तेव्हा ती आमच्या आधी बिल्डिंगमध्ये राहायला आली. सासूबाई माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत, पण माहेराला कधीच नाही. माझी सगळी पत त्या मखमलीवर उभी होती.

परवा त्याच मालिकेचा नवा, कार्टूनमधला अवतार आला. नवऱ्याने हॉलमध्ये चटया टाकल्या. सासूबाईंनी भिशीच्या बायकांना बोलावलं, “सूनबाईच्या माहेरचा झगा बघायला या.” आणि सांडोरहून केळ्यांची फणी घेऊन आई आली. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन बजावलं, “आई, मखमल म्हणायचं. परकराचं नाव काढायचं नाही.” आई म्हणाली, “नाही काढत गं. मला काय वेड लागलंय?”

मालिका सुरू झाली आणि नवऱ्याचा चेहरा पडला. कॅप्टनचं पोट गेलं होतं! “हा कॅप्टन नाही,” तो म्हणाला. जुने भाग त्याने तिला आधीच हट्टाने दाखवले होते म्हणून माझी मुलगी ईराही खट्टू. हा नवा उडताना वरची तार दिसत नव्हती, मग मजा काय! भिशीच्या बायकांना राक्षस आवडला, त्याच्या भुवया नीट कोरलेल्या होत्या म्हणे.

मग कॅप्टनने पाठ फिरवली. जुन्या टीव्हीवर सगळंच धूसर दिसायचं, म्हणून मी इतकी वर्षं तरले होते. पण या नव्या चित्रकारांनी भक्तिभावाने एकेक टाका उतरवला होता. जांभळं सुती कापड, खाली झालर, गळ्याशी लोंबणारा पांढरा नाडा. वर त्या नाड्याला शक्ती दिली होती, ओढला की वीज पडायची. “मखमलीला नाडा?” एका बाईंनी विचारलं. “तशी फॅशन होती तेव्हा,” मी म्हणाले.

तेवढ्यात कॅप्टनने चोरखिशात हात घालून किल्ली काढली. आई ताडकन उठली.

“परकराचं मी काही बोलत नाही,” ती टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाली, “पण किल्ली माझी आहे!”

सासूबाईंनी आधी टीव्हीतल्या परकराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी खालमानेने सगळं सांगून टाकलं. सासूबाई आईकडे वळून म्हणाल्या, “विहीणबाई, तो खिसा कसा शिवता हो? मलाही एक शिकवा. या घरात माझी वस्तू जागेवर राहत नाही.”

मी सुटले असं वाटलं. पण रविवारी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. साडी नेसायला कपाट उघडलं, तर एकही परकर नाही! गॅलरीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, दोन्ही विंगना ऐकू जाईलसा.

“सूनबाई, तुमच्या माहेरची मखमल खाली उडतेय!”

मी गाऊनवरच खाली धावले. बिल्डिंगमधली झाडून सगळी पोरं गळ्यात परकर बांधून पार्किंगमध्ये जग वाचवत होती. त्यात ईरा माझा जांभळा परकर बांधून. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तिने तो आपणहून सोडून माझ्या हातात दिला.

“घे तुझा,” ती म्हणाली. “याला खिसाच नाही. राक्षस पण घाबरत नाहीत. मला सांडोरच्या आजीचा पाहिजे.”